कस्तुरीची बाटली आणि माळ्यावरचा मसण्या

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की मोमिनपुऱ्यातला रस्ता बदलू लागतो. भज्यांच्या कढया तापतात, खजुराचे ढीग नीट रचले जातात, शेवयांची भेंडोळी टांगली जातात, कापलेल्या कलिंगडावर बर्फ पडतो. खाण्यापिण्याच्या या गर्दीत एक दुकान असे असते की ज्यात खायचे काहीच नसते, तरी रोजेदार तिथे हमखास थांबतो. ते अत्तराचे. लाकडी पेटीत खण, प्रत्येक खणात काचेची बाटली. दुकानदार काचेची कांडी बुडवतो, मनगटाच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढतो आणि सांगतो, ‘चोळू नका, सुकू द्या.’

बाटल्यांवरची नावे वाचत गेले की अर्धी ओळखीची निघतात. गुलाब, मोगरा, केवडा ही फुलांची. खस म्हणजे आपला वाळा, नागपूरकर उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांत घालतो तोच. हिना मेंदीच्या नात्यातले. मग पुढचा खण येतो: ऊद, अंबर, मुश्क. इथे गिऱ्हाईक थोडे थांबते. मुश्क म्हणजे काय, असे विचारले तर उत्तर येते, ‘कस्तुरी.’ कशाची? ‘हरणाची.’ आणि किंमत? काही शे रुपये.

त्या बाटलीत हरीण नाही. नसलेलेच बरे, हे पुढे येईलच. पण हरणाच्या कस्तुरीबरोबर शेकडो वर्षे आणखी एका प्राण्याचा सुगंध विकला गेला, आणि त्या प्राण्याचे नाव आज कोणत्याच बाटलीवर नाही. त्याचे जवळचे भाऊबंद नागपुरात आहेत. महाल, इतवारीच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, सेमिनरी हिल्सच्या झाडीत, स्मशानभूमीच्या वडावर आणि कब्रस्तानच्या चिंचेवर. आपण त्याला मसण्या ऊद म्हणतो आणि दिसला की काठी शोधतो.

ऊद तीन आहेत

मराठीत ‘ऊद’ या शब्दाने मोठा गोंधळ केला आहे. बाळाला न्हाऊ घातल्यावर आजी निखाऱ्यावर टाकते तो ऊद म्हणजे झाडाचा डिंक, लोबानाच्या कुळातला. ताजबागला हजरत बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यात लोबानाचा धूर दरवळतो, त्याचा हा सख्खा शेजारी. दुसरा ऊद अरबीतून आलेला, म्हणजे अगरू. आसामात वाढणाऱ्या अगराच्या झाडाला बुरशी लागली की त्याचे खोड आतून काळे पडून राळेने भरते. त्या लाकडाचे तेल सोन्याच्या भावाने विकले जाते. अत्तराच्या पेटीतला ऊद तो. तिसरा ऊद चार पायांचा. संस्कृतातल्या ‘उद्र’वरून, म्हणजे पाणमांजरावरून आलेला हा शब्द पुढे पाणमांजरासारख्या लांबट अंगाच्या इतर प्राण्यांनाही चिकटला. उदमांजर, मसण्या ऊद ही नावे तिथली.

रमजानात पहिल्या दोन उदांचा एक नियम सांगितला जातो. अत्तर लावल्याने किंवा त्याचा वास आल्याने रोजा तुटत नाही. पण ऊद-लोबानाचा धूर मुद्दाम नाकात ओढून घेतला तर तुटतो, असे हनफी उलेमा सांगतात. धूर हा वास नव्हे, तो पोटात जाणारा पदार्थ झाला. म्हणून घरोघरी उदाणी पेटते ती इफ्तारनंतर, तरावीहच्या नमाजेला निघताना.

आणि वासाचीच गोष्ट निघाली आहे तर रोजेदाराच्या तोंडाच्या वासाची. दिवसभर पाण्याचा थेंब नाही म्हटल्यावर संध्याकाळी तोंडाला उपाशी वास येतोच. ज्याने एकादशी किंवा श्रावणी सोमवार कडक धरला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे की अल्लाहला हा वास कस्तुरीपेक्षा प्रिय आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानात तुलनेसाठी निवडलेली ही वस्तू त्या काळी फार महाग सुगंधी चीज होती. तिबेट-हिमालयातून लांबचा प्रवास करून तिथे पोचायची. कुरआनातही कस्तुरीचा उल्लेख एकदाच येतो, ८३व्या सूरेत, जन्नतच्या पेयाच्या संदर्भात.

ही कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या बेंबीजवळच्या पिशवीतली. पिशवी मिळवायची म्हणजे हरीण मारायचे, आणि फासात माद्या, पाडसेही सापडायची. हिमालयातली कस्तुरी हरणे त्यामुळेच संपत आली. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरी नाही.

जवादी

अरबीत ‘जबाद’. त्यावरून मराठीत जवादी, तमिळमध्ये जव्वादू, आणि युरोपात जाऊन इंग्रजीतले सिव्हेट. एका अरबी शब्दाची ही तीन मुले तीन टोकांना वाढली. संस्कृतात त्या प्राण्याला गंधमार्जार म्हणत, उर्दू-हिंदीत मुश्कबिलाव. जुन्या मराठी कोशांत जवादी हा शब्द आहे. ‘जवादी कस्तुरी’ असा जोडशब्दही चाले. म्हणजे आपल्या व्यापाऱ्यांना ही वस्तू माहीत होती, आणि ती कस्तुरी नसून कस्तुरीसारखी आहे हेही माहीत होते.

नावात मार्जार असले तरी हे मांजर नव्हे. मांजर आणि मुंगूस यांच्या मधले, वेगळेच कुळ. तोंड लांबट, पाय आखूड, शेपूट अंगाएवढी. आपल्याकडची खरी जवादी म्हणजे लहान उदमांजर: राखी-पिवळट अंगावर ओळीने ठिपके, शेपटीला काळी-पांढरी कडी, जमिनीवर वावरणारी. विदर्भाच्या जंगलांत ती आहे. आफ्रिकेतली जवादी हिच्या कितीतरी मोठी, कुत्र्याएवढी. दोघींच्याही शेपटीखाली एक ग्रंथी असते. नरात असते, मादीतही असते. तिच्यातून लोण्यासारखा पिवळट पदार्थ येतो. जनावर तो दगडाला, झाडाच्या बुंध्याला घासून आपली हद्द आखते. रात्रीच्या अंधारात लिहिलेली ही पाटीच: इथे मी राहतो.

ताज्या जवादीचा वास घेणारा माणूस नाक धरून मागे सरतो. तिच्यात ज्या द्रव्यांचा वास येतो त्यातले एक विष्ठेतही असते. पण हजार पटीने पातळ केली की तोच वास फिरतो. गोडसर, उबदार, फुलांसारखा होतो. त्याहून मोठा गुण असा की ती दुसऱ्या सुगंधांना धरून ठेवते. गुलाब दोन तासांत उडून जाईल. त्यात जवादीचा कण असेल तर दुसऱ्या दिवशीही कपड्याला वास राहील. अत्तरवाल्याला ती हवी होती ती यासाठी.

अबुल फज्लने ‘आईने अकबरी’त सुगंधांचे एक प्रकरणच लिहिले आहे. त्यात जबाद येते. सुमात्रा बेटावरच्या अचीन राज्यातून येणारी सर्वांत चांगली, असे तो सांगतो. मग पद्धत देतो. काही जनावरे माणसाळलेली असतात, ती उभी राहतात. बाकीच्यांची शेपूट पिंजऱ्यातून बाहेर ओढून शिंपल्याने पदार्थ काढतात. एका जनावराची किंमत ३०० ते ५०० रुपये, त्या काळचे. मोगल दरबाराचा हा इतिहासकार जनावराच्या वेदनेबद्दल काही म्हणत नाही. पण शेपूट पिंजऱ्यातून ओढतात एवढे त्याने लिहून ठेवले, तेही कमी नाही.

महाराष्ट्रात हा हुन्नर केवळ दरबारी नव्हता. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात ‘गंधवाद’ नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुगंध कसे तयार करावेत याचा हा संस्कृत ग्रंथ, आणि त्यावर चक्क मराठी टीका. गोडे यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० असा धरला. मराठी माणूस संत-साहित्य रचत होता त्याच शतकांत कोणीतरी मराठीतच अत्तराच्या कृती समजावून सांगत बसला होता. आपल्या लग्नातले अत्तर-गुलाब, पानसुपारी ही काही कुणाची उसनी रीत नाही, आणि कुणा एकाची मालकीही नाही.

पिंजरा

जवादीचा मोठा व्यापार इथिओपियातून चाले. तिथे शतकानुशतके हे काम मुख्यतः मुस्लिम शेतकरी कुटुंबे करीत आली. रमजानच्या पानावर ते लपवून चालणार नाही. जंगलातून नर पकडून आणायचा, कारण पिंजऱ्यात यांची पैदास सहसा होत नाही. काठ्यांचा पिंजरा इतका अरुंद की जनावराला त्यात वळताही येऊ नये. वळले तर काढणाऱ्याला चावेल. अंधाऱ्या झोपडीत असे पिंजरे ओळीने, शेजारी चूल, कारण उबेने ग्रंथी जास्त पाझरते अशी समजूत. आठ-दहा दिवसांनी चमच्याने खरवडायचे. निघालेला माल बैलाच्या शिंगात भरून, तोंडाला कातडे बांधून बाजारात जायचा, तिथून फ्रान्सला. पॅरिसमधली एखादी बाई पार्टीला निघताना मानेवर जे लावायची, त्याचे एक टोक या शिंगात असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्राणिप्रेमी संस्थांनी या झोपड्यांतली छायाचित्रे बाहेर आणली तेव्हा युरोपातल्या ग्राहकांना हे प्रथम दिसले.

लंडनही याला अपवाद नव्हते. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डीफोने कादंबरीकार होण्याआधी, १६९२मध्ये, सुमारे ७० जवाद्या विकत घेऊन सुगंधाचा धंदा करून पाहिला आणि कर्जात बुडाला. पुढे निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाची कथा त्याने लिहिली. पिंजऱ्यातल्या जनावरांची मात्र नाही.

आपल्याकडे केरळात वेरुक या नावाने जवादी पाळत. तिथे पिंजऱ्यात एक लाकडी खांब उभा करीत. जनावर आपणहून त्याला अंग घासे आणि माणूस खांबावरून पदार्थ खरवडून घेई. खरवडण्यापेक्षा हे सौम्य. तरी पिंजरा तो पिंजराच. तिरुपतीला दर शुक्रवारी बालाजीच्या अभिषेकानंतर मूर्तीला पुनुगू तेल लावतात. पुनुगू म्हणजे हीच जवादी. एका बाजूला अरबी नाव घेऊन आलेला सुगंध, दुसऱ्या बाजूला व्यंकटेशाच्या अंगावरचे तेल, आणि दोन्हींच्या मागे रात्री हिंडणारे एकच भित्रे जनावर.

मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांपुढे एक सरळ प्रश्न आला होता. शेपटीखालून निघणारा हा पदार्थ पाक की नापाक? तो लावून नमाज होईल का? १९व्या शतकातले दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन यांच्या प्रसिद्ध ग्रंथात याचे उत्तर आहे: जबाद पाक आहे, कारण तिचे रूप पालटून ती सुगंध झाली. मद्याचा शिरका झाला की त्याचा हुकूम बदलतो, तसेच. या विचाराला ‘इस्तिहाला’ म्हणतात. उलेमांनी पदार्थाचा निकाल असा लावला.

जनावराचा निकाल मात्र दुसऱ्या हदीसमध्ये आहे आणि ती मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. एका बाईने मांजर कोंडून ठेवले. तिला खायला दिले नाही, आणि बाहेर जाऊन किडामुंगी खाईल म्हणून सोडलेही नाही. मांजर मेले, आणि ती बाई त्यासाठी जहन्नममध्ये गेली. बुखारी आणि मुस्लिम दोघांनीही ही हदीस नोंदवली आहे. इथिओपियातला शेतकरी म्हणेल, आम्ही तर मांस घालतो, मक्याची लापशी घालतो. खरे आहे. पण न वळता येणाऱ्या पिंजऱ्यात पोट भरलेले असणे म्हणजे त्या हदीसमधून सुटका झाली, असे मानायला मन धजत नाही.

सतरा कार्बनचे कडे

सुटका झाली ती प्रयोगशाळेतून, आणि तीही थोडी चुकूनच सुरू झाली. १८८८मध्ये आल्बर्ट बाउर नावाचा जर्मन रसायनज्ञ नवे स्फोटक शोधत होता. स्फोट काही होईना, पण भांड्याला कस्तुरीचा वास येऊ लागला. पहिली नकली कस्तुरी ती.

खरे कोडे सोडवले लिओपोल्ड रुझिका यांनी. क्रोएशियात जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९२६मध्ये जवादीतल्या मूळ सुगंधी द्रव्याची घडण शोधली. ते कार्बनच्या १७ अणूंचे एक कडे निघाले. हरणाच्या कस्तुरीतले १५ अणूंचे. त्या वेळचे रसायनशास्त्र सांगत होते की आठाहून मोठे कडे टिकणारच नाही, तुटेल. आणि इथे एक उदमांजर शेपटीखाली सतराचे कडे घेऊन लाखो वर्षे हिंडत होते. रुझिकांना १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. कडे कसे आहे हे कळल्यावर ते बनवता येऊ लागले. ‘शनेल नंबर ५’ या जगप्रसिद्ध अत्तरात १९९८पासून खऱ्या जवादीच्या जागी बनवलेले द्रव्य वापरतात, असे ती कंपनी सांगते.

भारतात त्याआधीच १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला होता. कस्तुरीमृग असो की उदमांजर, मारणे, पकडणे, पाळणे, त्याचा भाग विकणे, सगळे गुन्हा. म्हणजे मोमिनपुऱ्यातल्या त्या पेटीत खरी कस्तुरी असती, तर दुकानदार पेटी उघडून रस्त्यावर बसलाच नसता.

मग बाटलीत असते काय? स्वस्त मालात बनवलेला मुश्क आणि तेल. चांगल्या मालात थोडे वनस्पतींचे कामही असते. कस्तुरभेंडी नावाचे झुडूप आहे, भेंडीच्याच जातीचे. तिच्या बियांना, म्हणजे मुश्कदाण्याला, कस्तुरीच्या जवळ जाणारा वास असतो. कनौजचे कारागीर हिना आणि शमामा काढताना मुश्कदाणा, जटामांसी, लवंग, वेलदोडे असे कितीतरी जिन्नस तांब्याच्या देगेत घालतात. देगेचे तोंड मातीने लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ खाली पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल वाट पाहत असते. चंदन महाग झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिनसारखे बिनवासाचे तेल आले. गिऱ्हाइकाने प्राणी आहे का हे विचारायची गरज आता उरली नाही. चंदन आहे का हे विचारावे.

ऋतूही पाहावा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१७ ते २०१९ या वर्षांत तो मे-जूनच्या नागपुरी उन्हात आला होता. तेव्हा खस, गुलाब, आणि पहिल्या पावसाचा वास असलेले मातीचे अत्तर यांचे दिवस होते. हिना, शमामा, मुश्क, ऊद ही उष्ण अत्तरे. थंडी सरत नाही तोवरच अंगाला मानवतात. ईदच्या नमाजेला जाण्यापूर्वी आंघोळ करावी, असतील त्यातले चांगले कपडे घालावेत, अत्तर लावावे, ही सुन्नत आहे. कपडे नवेच हवेत असे कुठेही म्हटलेले नाही, आणि अत्तरही महागडेच हवे असे नाही. कापसाचा फाया कानाच्या पाळीत खोचून निघालेला म्हातारा ईदगाहवर गळाभेटीला पुढे येतो तेव्हा ज्याची गळाभेट घेतो त्याच्याही खांद्यावर तो वास दिवसभर राहतो.

आपल्या छपरावर

अत्तराच्या बाजारातून जवादी सुटली. तिची नागपुरातली भावकी मात्र अजून सुटलेली नाही.

शहरात जे दिसते ते बहुतेक वेळा ताडमांजर, मसण्या ऊद. काळपट अंग, पाठीवर पुसट रेघा, डोळ्यांखाली पांढरे डाग, लांब शेपूट. याचा सुगंध जवादीसारखा कधी बाजारात गेला नाही, पण यालाही गंधग्रंथी असते. बंगालीत याच्या कुळातल्या जनावराला गंधगोकुळ म्हणतात आणि ते जवळून गेले की पुलावाच्या तांदळाचा वास येतो असे सांगतात. ही कल्पना नुसती भुकेल्या पोटाची नाही. ईशान्य भारतात आढळणाऱ्या बिंटुरोंग या त्याच कुळातल्या प्राण्याच्या मूत्रात शास्त्रज्ञांना जे द्रव्य सापडले, तेच बासमतीला आणि सुवासिक तांदळांना वास देते. आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही.

हा प्राणी निशाचर. फळे हे मुख्य खाणे: उंबर, वडाची फळे, जांभूळ, बोर. सोबत उंदीर, घुशीची पिल्ले, किडे. बिया विष्ठेतून जातात आणि जिथे पडतात तिथे रुजतात. जुन्या इमारतीच्या फटीत उगवलेला उंबर कुणी लावला, याचे एक उत्तर पाखरे, दुसरे हा. याच्या पोटातून गेलेल्या कॉफीच्या बियांना इंडोनेशियात प्रचंड भाव आला आणि त्यासाठी पुन्हा पिंजरे उभे राहिले. सुगंधाचा पिंजरा रिकामा होतो न होतो तोच चवीचा पिंजरा भरला.

‘मसण्या’ हे नाव मसणवट्यावरून. थडगी उकरतो, प्रेते खातो, लहान मुले पळवतो, असा समज विदर्भात खोलवर आहे आणि तो हिंदू घरात जसा आहे तसाच मुस्लिम घरातही. शब-ए-बरातच्या रात्री, रमजानच्या पंधरा दिवस आधी, माणसे आपल्या माणसांच्या कबरींवर फातिहा पढायला जातात. तेव्हा टॉर्चच्या उजेडात झाडावर दोन डोळे चमकतात आणि गोष्ट आणखी वर्षभर जिवंत राहते. खरे कारण साधे दिसते. वाढत्या शहरात मोठी, म्हातारी, पोकळ खोडाची झाडे उरली आहेत ती बहुतेक स्मशानात आणि कब्रस्तानात. ती तोडायला कुणी धजत नाही. ज्याला दिवसा झोपायला ढोली लागते तो प्राणी दुसरीकडे जाणार कुठे? झाड नसेल तर माळा.

मसण्या घरात शिरला तर काय करायचे, याचे उत्तर नागपुरात इतर अनेक शहरांपेक्षा सोपे आहे. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर २०१५पासून आहे. जखमी, अडकलेले, पोरके वन्यजीव तिथे आणतात, बरे करतात, सोडतात. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली घार असते, विहिरीत पडलेले जनावर असते, आणि माळा पाडताना आई पळून गेलेली मसण्याची पिल्लेही असतात. वनविभागाचा १९२६ हा मदतीचा क्रमांक आहे. तो लावावा, काठी लावू नये. पिल्ले दिसली तर हात न लावता एक रात्र थांबावे, बहुतेक वेळा आई परत येऊन एकेकाला मानगुटीत धरून घेऊन जाते. माळा बंद करायचा तर ते गेल्यावर, दिवसा नव्हे, अंधार पडून ते बाहेर पडल्याची खात्री करून. दिवसा फट बुजवली तर ते आत कोंडले जाते. त्या बाईच्या मांजरासारखेच.

सहेरीची वेळ पहाटेच्या आधीची. वस्तीत मुनादी करणारा हाक देत जातो, मशिदीच्या भोंग्यावरून मिनिटे सांगितली जातात, स्वयंपाकघरात काल रात्रीचा पुलाव गरम होत असतो. त्याच सुमाराला टिनांवरून कुणीतरी सावकाश चालत गेल्यासारखे वाजते. घरातले मूल दचकून विचारते, कोण आहे. रात्रभर उंबराची फळे खाऊन, दोन-चार उंदीर मारून मसण्या उजाडायच्या आत आपल्या माळ्यावर परतत असतो. त्याचा दिवसाचा रोजा आता सुरू होणार आहे, असे आजी मुलाला सांगते आणि ताटात आणखी एक डाव भात वाढते.